यंत्राचे उत्तर, पण बिल आपले

कापडाच्या धंद्यात एक जुना रिवाज आहे. कुणी समोर तागा टाकून 'शुद्ध सुती आहे' म्हणाला, तर आपण केवळ त्याच्या शब्दावर सौदा करीत नाही. दोन धागे काढून काडी लावतो. सूत असेल तर जळक्या कागदासारखा वास येतो व राख राहते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. मगच भाव बोलतो. ही पारख मोबाईलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे एआयच्या, बाबतीत मात्र आपण विसरत चाललो आहोत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. आता आपली मुले कराचे दर, करारनामे, जाहिरातीचा मजकूर, सर्व काही अशा यंत्रालाच विचारतात. आमच्या दुकानात भाच्याने १,८०० रुपयांच्या ड्रेसवर जीएसटी किती, असे विचारले. उत्तर ठामपणे आले, १२ टक्के. बिलही तसेच फाटणार होते. वस्तुतः तो दर २१ सप्टेंबर २०२५ पर्यंतचा. दुसऱ्या दिवसापासून प्रतिनग २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के व त्यापुढे १८ टक्के दर लागू झाला. म्हणजे या ड्रेसवर गिऱ्हाईक ७ टक्के नाहक जादा देणार. आणि ३,००० च्या शेरवानीवर १२ टक्केच घेतले, तर उरलेले ६ टक्के व्याजासह आपल्या खिशातून जाणार.

यंत्राने मुद्दाम खोटे सांगितले, असे नाही. अफाट मजकुरावरून पुढचे शब्द जुळविणे हे त्याचे काम. त्यात जुना दर कोणता, नवा कोणता, हे त्याला दर वेळी कळतेच असे नाही. बोलण्याचा रुबाब मात्र मुरलेल्या वकिलाचा!

वकिलांवरून आठवले. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने सुचविलेल्या खटल्यांचे दाखले दिले. ते खटले कधी झालेच नव्हते. खरे आहेत ना, असे वकिलाने यंत्रालाच विचारले होते आणि ते 'होय' म्हणाले होते! दंड ५,००० डॉलर झाला. तो वकिलांना झाला, यंत्राला नव्हे.

बांधवांनो, ही पारख आपल्याला नवीन नाही. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आलेल्या खबरीची शहानिशा करण्याची ताकीद आहे. इमाम बुखारी (वफात हिजरी २५६) यांच्यासारख्या मुहद्दिसांनी हदीस स्वीकारण्यापूर्वी कोणी कोणाकडून ऐकले, ती साखळी म्हणजे सनद तपासली. यंत्राच्या उत्तराला अशी सनद नसते. ती आपणच शोधावी लागते.

म्हणून पत्राचा मसुदा, मालाचे वर्णन यांसाठी यंत्र खुशाल वापरा. पण वर्णनातला प्रत्येक दावा मालाशी ताडून पाहा. जेथे पैसा, कर, कायदा किंवा दीनचा प्रश्न आहे, तेथे मूळ कागद पाहा. दर कोणत्या अधिसूचनेचा, कोणत्या तारखेचा, हे विचारा आणि ती अधिसूचना सरकारी संकेतस्थळावर स्वतः उघडा. न समजल्यास कर सल्लागाराला विचारा. मसअला असेल तर आलिमांकडे जा.

बिलावर नाव आपल्या दुकानाचे असते. गिऱ्हाईक आपल्यालाच जाब विचारते, खातेही आपल्यालाच नोटीस पाठवते. आणि अल्लाहसमोर हिशेब द्यायचा आहे तोही आपल्यालाच.