रिकामटेकड्यांच्या बाजूने

परवा महाशिवरात्रीच्या जत्रेला पुण्याहून पुतण्या आला होता. दर्शन झालं, वैनगंगेवर जाऊन आला आणि संध्याकाळी मला शोधत चहाच्या टपरीवर पोचला. आम्ही चौघं नेहमीप्रमाणे बसलेलो. विषयही नेहमीचाच, नाटक. तासभर बिचाऱ्याने ऐकून घेतलं. घरी येताना म्हणाला, "काका, तीस वर्षं तुम्ही त्याच गोष्टी बोलताय. त्यापेक्षा देवळावर लिहा ना, लोक वाचतील तरी."

ब्लॉगवरच्या दोघातिघांनीही हेच सुचवलंय. तेव्हा एकदा उत्तर देऊनच टाकतो. (पुतण्या, तूही वाच बाबा!)

मार्कंड्याच्या देवळाला माझी गरज नाही. कनिंगहॅमसाहेबाने 1870 च्या दशकातच ही देवळं आपल्या अहवालात नोंदवली. त्यानंतर लिहिणारे येतच राहिले. दगड जागेवर उभा आहे, ज्याला पाहायचं त्याने यावं.

आमच्या झाडीपट्टीच्या नाटकाचं तसं आहे का? दिवाळी झाली की वडशाहून मंडळं निघतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया... गावोगावी मांडव पडतात. शंकरपट असेल तिथे तर नाटक हवंच. रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो. सकाळी मांडव उतरला, मंडळी पुढच्या गावाला गेली, की मागे काय उरतं? आमच्या गावच्या एकाही प्रयोगाचं परीक्षण पेपरात आलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. उरतो तो आम्हा रिकामटेकड्यांच्या तोंडी.

2023 साली परशुराम खुण्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा याच पुतण्याने फोन करून विचारलं होतं, "काका, हे कोण?" पाच हजारांवर प्रयोग, असा आकडा तेव्हा छापून आला. आकडा छापता येतो हो! पण अमुक वाक्याआधी नट किती थांबला आणि मागे बसलेल्या बायका हसता हसता कशा रडायला लागल्या, हे सांगायला मांडवात बसलेला माणूसच लागतो.

आम्ही खोटंही बोलतो, हे कबूल. एका नाटकात ऐन मरणाच्या प्रसंगी राजाची मिशी गळून पडली होती. मी म्हणतो तो खेळ 2012 चा. दुसरा म्हणतो, "नाही जी गुरुजी, थे नाटक पट बंद पडल्यावरचं होय," म्हणजे 2014 नंतरचं. तिसरा तर मिशी नव्हतीच, टोप होता म्हणतो! पण असं भांडता भांडताच खरं हाती लागतं. एकटा म्हातारा आठवणी सांगायला बसला की निव्वळ बढाया मारतो (मीही मारतो, घरी विचारा). चौघांत ते चालत नाही.

पूर्वी आम्ही पाच होतो. पाचवा जुना ऑर्गनवाला. कोणत्या गाण्याला नटीचा सूर चढला, कुठे तबलजी झोपला, सगळं त्याच्यापाशी. तो "नाही" म्हणाला की विषय संपे. गेल्या दिवाळीआधी तो गेला. एक ओळही कुणी उतरवून घेतली नाही. मीसुद्धा नाही, आणि म्हणे मी मास्तर! आता वाद झाला की आम्ही चौघं सवयीने त्याच्या जागेकडे पाहतो.

पुतण्याचं एक मात्र मला लागलं. त्या संध्याकाळी टपरीवरचा पोरगा मध्ये काही विचारायला गेला, तर आमच्यातला एक खेकसला, "तू तवा पाळण्यात होतास, चूप!" हे चुकलंच. त्याला उद्यापासून शेजारी बसवून घेणार आहे, वहीसकट.

असो. मिशीचा निकाल अजून लागलेला नाही. वाचणाऱ्यांपैकी त्या रात्री कुणी मांडवात होतं का? असल्यास जरूर कळवा. टोपवाला फार चढून बसलाय.