बँडचा आकडा उसना आणू नका

नगर, संगमनेर, लोणी इकडच्या महाविद्यालयांत एमएस्सीच्या प्रकल्पासाठी क्वांटम एस्प्रेसो हा प्रोग्रॅम चालवायला घेतलेल्या मुलामुलींना एक कळकळीची विनंती आहे. मागच्या वर्षीच्या कुणाची तरी इनपुट फाइल खुशाल पाहा, पण तिच्यातला बँडचा आकडा उचलू नका. तो तुमच्या स्फटिकाचा नसतो.

झिंक ऑक्साइडच घ्या. वायू ओळखणाऱ्या सेन्सरमुळे हे संयुग आपल्या ओळखीचं आहे. त्याच्या युनिट सेलमध्ये दोन झिंक आणि दोन ऑक्सिजन. झिंकचे 12 आणि ऑक्सिजनचे 6 इलेक्ट्रॉन धरले तर एकूण 36. एका बँडमध्ये दोन मावतात, म्हणजे 18 बँड भरले. पण हे 12 ठरवले कुणी? स्यूडोपोटेन्शियलच्या फाइलने. दुसरी एखादी फाइल आतल्या कवचातलेही धरून झिंकचे 20 मोजते. मग एकूण 52 आणि भरलेले बँड 26. म्हणून आधी ती फाइल उघडा आणि आकडा डोळ्यांनी बघा. स्पिन-ऑर्बिट लावलं असेल तर एका बँडमध्ये एकच इलेक्ट्रॉन, तेव्हा संख्या दुप्पट.

तुम्ही काहीच लिहिलं नाही, तर इन्सुलेटरसाठी प्रोग्रॅम भरलेले तेवढेच बँड घेतो. एकूण ऊर्जेला ते पुरतात. पण आउटपुटमध्ये भरलेली सर्वांत वरची पातळी तेवढी छापून येते, बँड गॅपचा पत्ताच नसतो. गॅप हवी तर आठ-दहा रिकामे बँड जास्त द्या, आणि अगदी वरच्या एक-दोन बँडवर फार विसंबू नका. प्रकाशाचं शोषण काढायचं असेल तर आणखी बरेच लागतात. किती, ते वाढवत जाऊन पाहायचं. उत्तर हलायचं थांबलं की पुरे.

झिंकच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा एक अणू घातलात तर इलेक्ट्रॉनांची संख्या विषम होते आणि प्रोग्रॅम अडून बसतो. तिथे स्मिअरिंग लावा. मग तो स्वतःच भरलेल्यांपेक्षा वीस टक्के, निदान चार तरी, बँड जास्त घेतो.

उगाच दुप्पटही करू नका. मेमरी दुप्पट लागते, बँड एकमेकांना लंब ठेवण्याचं काम चौपट होतं, आणि लॅपटॉप रात्रभर घरघरतो. एवढं करूनही साध्या पीबीई पद्धतीत गॅप एक इलेक्ट्रॉन-व्होल्टच्याही खालीच येते. प्रयोगात ती सुमारे 3.4 आहे. ही उणीव पद्धतीची आहे, बँड वाढवून ती भरत नाही.

मात्र ही उणीव भरून काढू पाहणाऱ्या जीडब्ल्यू पद्धतीत बँडच महत्त्वाचे. बर्कलेच्या मार्विन कोहेन, स्टीव्हन लुई आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये याच झिंक ऑक्साइडसाठी सुमारे 3000 बँड घेतले, तेव्हा कुठे गॅप 3.4 पर्यंत पोचली. त्यांच्या पद्धतीवर पुढे वादही झाले, ते वेगळं. लॅपटॉपवर त्या वाटेला जाऊ नका. पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक आहे, त्यावर वेळ मिळेल का, ते आधी आपल्या सरांना किंवा मॅडमना विचारा.