वाहनचोरांना जरब बसवा, नाहीतर आमच्या दारी मत मागू नका!

केंद्र सरकार आणि राज्यातील सर्व खासदारांना वाहनमालक व चालकांचा जाहीर इशारा

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची केलीत, दंडाची भीती घातलीत. आम्ही निमूट पैसे भरले. आता तुमची पाळी.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम ३०५ नुसार माल किंवा प्रवासी वाहतुकीच्या वाहनाची चोरी केल्यास सात वर्षांपर्यंत कैद होते. पण गवंड्याची, दूधवाल्याची मोटारसायकल दारातून गेली, की ठाण्यात बहुधा कलम ३०३ लागते. मोबाइल चोरला तरी तेच कलम आणि पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षे! चोर जामिनावर सुटतो, मालक मात्र गेलेल्या गाडीचे हप्ते फेडत राहतो. नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर भरपाईचा एक रुपयाही मिळत नाही.

आमच्या मागण्या :

१. कलम ३०५ मध्ये खासगी दुचाकी व चारचाकी वाहनांचा स्पष्ट उल्लेख करा.

२. धाक दाखवून चालकाकडून गाडी हिसकावणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवा, किमान शिक्षा ठरवा. आज महामार्गावर सूर्यास्तानंतर लुटले तर १४ वर्षांपर्यंत, भरदिवसा लुटले तर दहापर्यंत. दिवसा लुटल्या गेलेल्या चालकाचे नुकसान कमी होते काय?

३. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रांना चोरीच्या वाहनांची पडताळणी २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. गल्लीबोळातील भंगारवाल्यांना मोकळे रान का? चासी व इंजिन क्रमांक न तपासता गाडी कापणाऱ्याला तुरुंगात टाका. माल घेणारा आहे म्हणूनच चोर आहे.

४. तपास लागत नसेल, तर पोलिसांनी ६० दिवसांत अंतिम अहवाल द्यावा. त्या कागदावाचून विम्याचे दावे अडून राहतात.

संसदेच्या येत्या हिवाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसापर्यंत दुरुस्ती विधेयक मांडा. न मांडल्यास दुसऱ्याच दिवसापासून प्रत्येक खासदाराच्या कार्यालयासमोर बेमुदत धरणे धरू. आम्ही एसटी रोखणार नाही, रुग्णवाहिका अडवणार नाही. सामान्यांना वेठीस धरणे हे आमचे काम नव्हे. अडवू ती प्रचाराची गाडी. अधिवेशनात या प्रश्नावर कोण बोलले आणि कोण गप्प बसले, याची यादी गावोगावच्या रिक्षा थांब्यांवर लावू.

नंबरप्लेटची मुदत वाढत गेली. ही मुदत वाढणार नाही.