रात्री तोडलेली द्राक्षे आणि फडात वाळणारा ऊस



पुढे वाइनची गोष्ट आहे, म्हणून शेतकी खाते दारूचा प्रचार करू लागले असे कोणी समजू नये. आपल्यात माळकरी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांनी सबुरीने घ्यावे. आम्हाला बोलायचे आहे ते तोडीविषयी.

फ्रान्सच्या नैऋत्येला गॅस्कनी नावाचा मुलूख आहे. तिथे ‘तारिके’ हा ग्रासा कुटुंबाचा द्राक्षमळा. पूर्वी तिथल्या द्राक्षांची आर्मान्याक ही ब्रँडी व्हायची. तिचा खप घसरला, तेव्हा १९८२ साली या कुटुंबाने त्याच मळ्यातून मिश्र जातींची पांढरी वाइन काढली. मुख्य जाती दोन. उन्यी ब्लां ही आंबट, भरघोस उतरणारी, पण वासाला बेताची. कोलोंबार ही वासाची. एकीने अंग द्यायचे, दुसरीने सुगंध.

मिश्रण म्हणजे सरमिसळ नव्हे. जात ज्या दिवशी पिकेल त्या दिवशी तोडायची, तीही रात्रीच्या थंडाव्यात. उन्हात द्राक्ष तापले की रस काळवंडतो, वास उडतो. तोडले की लगेच गाळायचे. मेळ घालायचा तो नंतर, चव बघून.

आता आपल्याकडे बघा. एकाचा आडसाली तुरा येऊन फडात वाळतोय आणि दुसऱ्याचा दहा महिन्यांचा कोवळा खोडवा वशिल्याने गव्हाणीत पडतोय. तोडलेला ऊस ट्रॉलीत दोन-दोन दिवस उभा. वजन घटते ते शेतकऱ्याला दिसते. आतली साखर फुटते ती दिसत नाही. जळिताचे तर विचारूच नका. मग उतारा पडला की सभेत ओरड होते, आणि एफआरपी उताऱ्यावरच ठरते! १०.२५ टक्क्यांच्या वर जो दशांश जाईल त्याचा जादा दर सगळ्यांनाच मिळतो, तसा गेलेल्या दशांशाचा फटकाही सगळ्यांना.

यात आमच्या खात्याचा दोष नाही असे आम्ही म्हणत नाही. लागण नोंदीप्रमाणे तोडीचा कार्यक्रम आम्हीच लावतो आणि फोन आला की आम्हीच मोडतो.

कोणी म्हणेल, तारिके हजार हेक्टरांचा धनी, आम्ही दोन एकरवाले. खरे आहे. पण त्याच गॅस्कनीत प्लेमाँ ही सहकारी संस्था आहे. १९७९ साली प्लेझांस, एन्यां आणि सेंमाँ या तीन गावांच्या संस्था एकत्र आल्या आणि नावही तिघांच्या अक्षरांतून जुळवले. तिथेही मळे सभासदांचेच.

आमचे मत असे : तोडीचा हुकूम ब्रिक्स बघून निघावा, तारखेची यादी गट ऑफिसच्या भिंतीवर लागावी, आणि नुसत्या वजनाला दाम न देता गोडीलाही वेगळा दाम मिळावा. वजनावरच पैसे मिळत असतील तर सभासद वजनाचीच जात लावणार. त्याला नावे ठेवून काय उपयोग? शेवटच्या मुद्द्यावर संचालक मंडळात मतभेद आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. सभासदांनी आपले म्हणणे वार्षिक सभेपूर्वी गट ऑफिसात लेखी द्यावे.