बॉनेटला कुलूप कुणी लावलं?

आमच्या पिकअपच्या मीटरवर परवा ३ लाख ८४ हजार किलोमीटर झाले. पृथ्वीपासून चंद्राचं सरासरी अंतर साधारण एवढंच. ऑफिसात हे कौतुकाने सांगितलं, तर एक जण म्हणाला, "अजून विकली नाहीस? घाल की भंगारात." तो चेष्टेत बोलला, मला खरंच राग आला.

गाडी २०१२ ची. जुन्नरच्या आमच्या शेतातला टोमॅटो नारायणगावला आणि भाव बरा असला की माळशेज उतरून वाशीला, सगळा तिच्यातूनच गेला. माझ्या इंजिनिअरिंगची फी तिच्याच हौद्यातून आली.

किलोमीटर वाढले की गाडी संपली, असं आपण धरून चालतो. पण गाडी मरते ती बहुतेक वेळा दुर्लक्षाने. अण्णांची एक वही आहे. इंजिन ऑइल कधी बदललं, कुलंट कधी, पाट्यांना ग्रीस कधी, क्लच प्लेट किती किलोमीटरला गेली, सगळं तारखेनिशी. रोज सकाळी सेल मारण्याआधी ते डिपस्टिक काढून बघतात. ऑइल दुधाळ दिसलं, तर त्यात पाणी शिरतंय. धूर निळा असेल तर इंजिन ऑइल जाळतंय, काळा असेल तर एअर फिल्टर चोंदलाय किंवा डिझेल नीट जळत नाही, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा येत राहिला तर हेड गॅसकेटवर संशय घ्यायचा. अण्णा दहावी नापास आहेत. मी पदवीच्या चार वर्षांत यातलं काहीही हाताने केलं नव्हतं.

गेल्या वर्षी या गाडीवर दुरुस्तीचा खर्च झाला ६१ हजार, क्लच आणि दोन टायर धरून. शेजारच्या गावात मामाने नवी पिकअप घेतली. तिचा हप्ता महिन्याला १७ हजार, म्हणजे वर्षाचे २ लाख ४ हजार. त्यात दुरुस्ती धरलेली नाही. नवी घे असा सल्ला त्याला मीच दिला होता.

मागच्या पावसाळ्यात मामाची गाडी रात्री एक वाजता माळशेजमध्ये अडकली. डॅशबोर्डवर दिवा लागला आणि इंजिनाने ताकद सोडली. भरल्या गाडीने पुढे जाणं अशक्य. नव्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं. शेत ते बाजार अशा छोट्या, संथ फेऱ्यांत गाडी पुरेशी तापतच नाही, फिल्टर तुंबतो. फिल्टर साफ करायची आज्ञा लॅपटॉपवरून देता येते, पण ती फक्त कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून. ते उघडणार सकाळी नऊला. वाशीचा बाजार तोवर उठलेला. ऐंशी क्रेट माल मातीमोल गेला.

त्याच घाटात आमची गाडीही एकदा बंद पडली होती. डिझेल फिल्टर चोंदला होता. अण्णांनी टॉर्चच्या उजेडात फिल्टर बदलला, हातपंप दाबून लाइनमधली हवा काढली आणि वीस मिनिटांत गाडी सुरू केली.

मुद्दा नीट समजून घ्या. मी धुराची वकिली करत नाही. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्या जुन्या डिझेल गाड्यांपेक्षा खूप स्वच्छ आहेत, आणि रस्त्याकडेला राहणाऱ्यांच्या फुफ्फुसांचा प्रश्न खरा आहे. म्हणून जुन्या गाडीची तपासणी कडक करा. आमचं पासिंग दरवर्षी होतं; ते खरोखर मशीनवर होऊ द्या. नापास झाली तर अण्णा स्वतः भंगारात घालतील. पण मोजायचा असेल तर धूर मोजा, जन्मसाल मोजू नका. दिल्लीत १ जुलै २०२५ पासून दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधन नाकारायचं ठरलं. लोक इतके संतापले की काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. नीट सांभाळलेली गाडी आणि धूर ओकणारी गाडी एकाच रांगेत उभी केली, तर सांभाळणाऱ्याने सांभाळावी कशाला?

आणि नवी गाडी स्वच्छ असेल, तर ती दुरुस्त करायचा हक्कही सोबत द्या. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनी प्रचंड बहुमताने सांगितलं की गाडीची दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकलाही मिळालीच पाहिजे. आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. आळेफाट्याच्या मेस्त्रीला त्याने लॅपटॉपचं कुलूप उघडता येत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. मी पुण्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. बाहेरचं स्कॅनर जोडलं की त्याला ओळख विचारायची आणि ओळख पटली नाही की दार बंद करायचं, असा कोड मी लिहिला आहे. मीटिंगमध्ये त्याला सुरक्षा म्हणतात. काही अंशी ती आहेही. ब्रेकच्या सिस्टिममध्ये कुणीही घुसू नये. पण तुंबलेला फिल्टर साफ करायची आज्ञा त्याच कुलपात का ठेवली, हे मी कधी विचारलं नाही. मामाचे ऐंशी क्रेट सडल्यावर पहिल्यांदा विचारलं. उत्तर मिळालं, "रिक्वायरमेंटमध्ये तसंच आहे."

हे वाचणाऱ्यांतले बरेच जण माझ्यासारखेच कोड लिहिणारे असतील. पुढच्या वेळी अशी रिक्वायरमेंट समोर आली, की एवढंच विचारा: रात्री एक वाजता, घाटात, मोबाइलला रेंज नसताना, गाडीच्या मालकाने काय करायचं? उत्तर लेखी मागा. मी आता मागतो. अजून मिळालेलं नाही.