सुधारून वाढविलेली आवृत्ति

जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ति निघाली कीं रसिक दोन प्रश्न विचारतात : काय सुधारलें, आणि काय हरवलें? संगणकीय खेळांसही आतां हीच कसोटी लागूं आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी' हा खेळ २०२० सालीं निघाला. २०२२ सालीं त्याची वाढीव आवृत्ति आली. असुरांनीं पळविलेल्या गोलू या धाकट्या भावासाठीं दुर्गेचा त्रिशूल घेऊन निघालेली राजी मनीषनगरांतील आम्हां मित्रांस पूर्वींपासूनच प्रिय आहे.

ओळखीचा खेळ पुनः खेळणें हा वेळेचा अपव्यय, असें कित्येक म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. पहिल्या खेपेस नजर शत्रूवर खिळलेली असते. दुसऱ्या खेपेस राजस्थानी धर्तीचे महाल व भिंतींवरील चित्रें दिसूं लागतात. नव्या आवृत्तींत देखावे उजळले, हें ठीकच. परंतु मूळचीं इंग्रजी बोलणारीं पात्रें हिंदींतही बोलूं लागलीं, ही आमच्या मतें खरी सुधारणा. मग पुण्यांत जन्मलेल्या राजीनें मराठींत कां बोलूं नये? तें काम परके करणार नाहींत. आज गणित व मराठी मन लावून शिकणाऱ्या आमच्या शाळाबंधूंनींच तें उद्यां केलें पाहिजे.