सामान ट्रॉलीत, माणसं गाडीत

महाशिवरात्र जवळ आली की हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. हौद्यावर वाकवलेल्या सळयांच्या कमानी, त्यांवर ताडपत्री, खाली कडब्याचा थर आणि सतरंज्या. कोपऱ्यात पाण्याचा ड्रम, पिठाचा डबा, तवा-परात. आणि या सगळ्याच्या मधोमध आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत अख्खं घर. आषाढीच्या आधी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी सेनगाव, औंढा, जवळा बाजार असा रस्ता धरून परभणीकडे जाते, तेव्हाही वारीच्या मागेपुढे सामानाच्या गाड्या असतातच. बाहेर मुक्काम करायचा, स्वतःच्या हातचं शिजवून खायचं आणि पुढे निघायचं, ही हौस इथल्या कुटुंबांना नवी नाही. पूर्वी ती दमणी आणि छकड्यावर भागायची, आता ट्रॉलीवर भागते.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडीमागे जोडायचा तंबूचा ट्रेलर, घडी होणारी कॅराव्हॅन असे प्रकार त्यात नावानिशी आहेत. पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींना त्याचा उपयोग होईल. पण सेनगाव किंवा कळमनुरीच्या शेतकऱ्याच्या दारात जो ट्रेलर आधीच उभा आहे, त्याचा नीट विचार कुणी करत नाही. सोयाबीन, हळद, ऊस वाहणारी ही ट्रॉली वर्षातून काही दिवस यात्रेचं घर होते. त्या दिवसांसाठी ती कशी निवडावी आणि कशी सजवावी, हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत.

४ एप्रिल २०२५ ची सकाळ या जिल्ह्याला विसरता येणार नाही. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर महिला कामासाठी नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात निघाल्या होत्या. त्यांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट पाण्याने भरलेल्या विहिरीत गेला. सात जणी गेल्या, तिघांना बाहेर काढता आलं. त्याआधी १ ऑक्टोबर २०२२ ला उत्तर प्रदेशात कानपूरजवळ देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली आणि पंचवीसहून अधिक भाविकांचा जीव गेला. दोन्हीकडे ट्रॉली माणसांनी भरलेली होती.

ट्रॉली मालासाठी असते. तिला बसायला आसन नाही, धरायला दांडा नाही, कित्येक दोन चाकी ट्रॉल्यांना पाटेसुद्धा नसतात, हौदा थेट एक्सलवर बसवलेला असतो. उलटली तर आतल्या माणसाला निसटायला जागा मिळत नाही. कायद्यालाही ट्रॉलीतली माणसं मान्य नाहीत आणि अपघातानंतर विम्याचा दावा तिथेच अडतो. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ट्रॉलीवरच्या एका मजुराच्या प्रकरणात विमा कंपनीवर जबाबदारी येत नाही असंच म्हटलं होतं. त्याची गरिबी पाहून कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि ते मालकाकडून वसूल करावेत असा आदेश दिला, ही गोष्ट निराळी.

म्हणून ट्रॉली निवडताना पहिला निर्णय हाच करायचा की तिच्यात फक्त सामान जाईल. माणसांसाठी एसटी आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, लहान मुलांना आधीपासूनच अर्धं आहे. घरात आजी, सून आणि दोन शाळकरी पोरं असतील तर हिंगोली ते औंढा हा पंचवीसेक किलोमीटरचा प्रवास किती स्वस्तात होतो, हे कुणालाही तोंडी मांडता येईल.

एकदा माणसं उतरली की मोठ्या ट्रॉलीची गरजच उरत नाही. दहा बाय सहा फुटांचा हौदा पाच-सहा जणांच्या मुक्कामाच्या सामानाला फारच मोठा होतो. भांडीकुंडी त्यात मोकळी घरंगळत राहतात आणि रिकामी ट्रॉली खड्ड्यात जास्त उडते. हळदीच्या सऱ्यांत आणि बागांत चालणाऱ्या मिनी ट्रॅक्टरची छोटी ट्रॉली या कामाला पुरेशी आहे. शक्यतो दोन चाकांची आणि पाटे असलेली घ्यावी. पांदणीतून ती सहज जाते, मागे घ्यायलाही सोपी पडते. फाळक्याच्या कड्या घट्ट बसतात का, हे हाताने हलवून पाहावं.

खरी परीक्षा हुकापाशी होते. ट्रॅक्टरच्या हुकात ट्रॉलीची दांडी बसते आणि वरून पिन जाते. ती पिन उडू नये म्हणून तिच्या खालच्या टोकाच्या भोकात छोटी क्लिप असते, आणि नेमकी तीच कुठेतरी हरवलेली असते. मग पिनेच्या जागी एखादा बोल्ट किंवा सळईचा तुकडा खुपसला जातो. सपाट रस्त्यावर तो टिकतो, पण खड्ड्यात दांडी उसळली की वर येतो आणि ट्रॉली सुटते. मापाची पिन, तिची क्लिप आणि दांडीखालून फुलीसारख्या ओवलेल्या दोन साखळ्या, हा सगळा खर्च यात्रेतल्या जेवणावळीच्या मानाने काहीच नाही. पिन निघाली तरी साखळ्या दांडीला जमिनीत घुसू देत नाहीत.

भरतानाही नेम लागतो. मागे वजन जास्त झालं की बैलगाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं, हे जुन्या गाडीवानांना पक्कं ठाऊक होतं. ट्रॉलीचंही तेच आहे. मागे जड झाली तर हूक वर ओढला जातो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी पडतात आणि ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागते. जड वस्तू एक्सलवर आणि किंचित पुढे ठेवाव्यात, म्हणजे एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर येतो. पाचशे लिटरच्या टाकीत अर्धा टन पाणी मावतं, आणि अर्धी भरलेली टाकी वळणावर सगळं वजन एका बाजूला फेकते. त्यापेक्षा घट्ट झाकणाचे वीस लिटरचे कॅन दोरीने आवळून ठेवलेले बरे. गॅसचं सिलिंडर उभं आणि कडेला बांधलेलं असावं, ताडपत्रीखाली कोंडलेलं नसावं.

निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर एकदा थांबायचं. दोन्ही चाकांच्या हबजवळ हाताची पालथी बाजू न्यायची. एक हब कोमट आणि दुसरा हात नेववत नाही इतका तापलेला असेल, तर त्या बाजूचं बेअरिंग कोरडं पडलंय किंवा फार आवळलंय. इतक्या साध्या तपासणीने रस्त्यात चाक निखळण्याची वेळ टळते. मागचे दिवे ट्रॅक्टरच्या सॉकेटला जोडून पेटवून पाहायचे. चमकणाऱ्या पट्ट्या पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या, मागे लाल लावायच्या. ऊस हंगामात वसमत भागात रात्री रस्त्याकडेला उभी असलेली विनादिव्याची ट्रॉली दुचाकीस्वाराला शेवटच्या क्षणी दिसते. यात्रेची ट्रॉली तर दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचलेलीच बरी.

मुक्कामाच्या सामानात एक गोष्ट बहुतेक याद्यांतून सुटते. मण्यार रात्री हिंडते, आणि तिचा दंश बऱ्याचदा जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच होतो. खूण जेमतेम दिसते, दुखतही फारसं नाही, त्यामुळे कळायला उशीर होतो. घडीच्या खाटा आणि गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी ट्रॉलीत हवीच. सोबत चांगली बॅटरी हवी, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे का, हे आधीच विचारून ठेवायला हवं. बाकी शेगडी, पातेली, चादरी घरातल्या बायकांना कुणी सांगायची गरज नाही.

कुटुंबांनी एवढं केलं तर पुढचं काम यंत्रणेचं आहे. औंढ्याला आणि नरसी नामदेवला यात्रेच्या काळात ट्रॉल्यांसाठी वेगळं मैदान आखावं, तिथे नळ, शौचालयं आणि रात्रभर दिवे असावेत. एसटीच्या जादा गाड्या त्या मैदानाच्या तोंडाशी थांबाव्यात, म्हणजे उतरलेल्या माणसाला आपलं सामान शोधत फिरावं लागणार नाही. राज्याच्या धोरणात कॅराव्हॅनसाठी पार्क उभारायचं ठरलंय. तसाच एखादा सिद्धेश्वर किंवा इसापूर धरणाच्या काठी उभा राहिला आणि छोट्या ट्रॉलीने आलेल्या शेतकरी कुटुंबालाही तिथे जागा मिळाली, तर यात्रेपुरती निघणारी ही ट्रॉली दिवाळीच्या सुट्टीतही पोरांसाठी बाहेर निघेल.